मी ‘न्या की’ म्हणालो होतो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच — ती मामांची सख्खी धाकटी बहीण. सांगायला बसलो की माझा विषय भलतीकडेच जातो. मी मशीनबद्दल बोलायला लागतो, प्लास्टिकबद्दल बोलतो, विजेच्या नावानं बोटं मोडतो. आत्ताही तेच होणार आहे, मला माहीत आहे. पण तुम्ही जरा दम धरा. येतो मी तिथं.

नांदेडला कॉलेजच्या रस्त्यावर माझा एक गाळा आहे. बाहेर पाटी — ‘थ्रीडी प्रिंटिंग व प्रॉडक्ट डिझाइन’. त्यातला ‘प्रिंटिंग’ एवढाच शब्द लोकांना दिसतो. आधार कार्डाची झेरॉक्स मागायला रोज कोणी ना कोणी येतंच. मग मी सांगायचं, की बाबा रे, हे मशीन कागद छापत नाही, वस्तू छापतं. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देत जातं. समोरचा माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, “मग पोराच्या नावाचं किचेन करून द्या.” पुण्याला जाऊन डिझाइन शिकलो ते किचेन करायला का? पण करतो. केकवर लावायची नावं करतो, मिक्सरचं तुटलेलं बटण करून देतो. नाही म्हणालो तर गाळ्याचं शटर खाली येईल.

मला वस्तू करायच्या होत्या. आपल्याकडच्या माणसाला, आपल्याकडच्या घरात लागणाऱ्या. पूर्वी एखादा भाग करून बघायचा तर साचा बनवायला पुण्याला नाहीतर हैदराबादला खेटे घालावे लागायचे, आणि साचा चुकला की सगळंच मुसळ केरात. आता आज कॉम्प्युटरवर काढलेला भाग उद्या हातात येतो. बसला नाही तर बदलायचा, पुन्हा काढायचा. हे मशीन असतंच मुळी चुकण्यासाठी — लवकर आणि स्वस्तात चुकून घेण्यासाठी. हे वाक्य मी कॉलेजच्या मुलांपुढे बोलतो. मुलं टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांची चीड येते, तरी पुढच्या वेळी मी तेच वाक्य बोलतो.

असा जो पहिला भाग काढतात, त्याला आम्ही नमुना म्हणतो. आकार बरोबर आहे का, हातात नीट बसतो का, एवढंच त्यात पाहायचं. तो आतून जवळजवळ पोकळ असतो; बाहेर पातळ साल आणि आत जाळी. त्याच्यावर वजन टाकायचं नसतं. आमच्या धंद्यात नमुना म्हणजे खऱ्या मालासारखी दिसणारी, पण खरा माल नसलेली वस्तू.

आणि मोंढ्यात? मोंढ्यात नमुना म्हणजे काय असतं?

माझे मामा, विश्वनाथअप्पा, लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत करायचे; शेतकऱ्याचा माल विकून द्यायचे. लहानपणी माझ्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्या दुकानात गेल्या, तुरीच्या पोत्यांवर लोळत. सौद्याच्या वेळी शेतकऱ्याच्या मालातला थोडा माल कापडाच्या पोटलीत बांधून पुढे ठेवायचे. खरेदीदार पोटली उघडणार, चार दाणे तळहातावर घेणार, एखादा दाताखाली फोडून पाहणार आणि भाव बोलणार. पोती तिकडे लांब थप्पीला. पोटलीत जे आहे तेच पोत्यात आहे, या एका विश्वासावर सगळा बाजार चालायचा. मामा मला सांगायचे, “पोटलीत एक आन् पोत्यात एक केलं, की माणूस मोंढ्यातून उठला बग.” मामांची पोटली काही जण उघडतसुद्धा नसत. विश्वनाथअप्पांचा नमुना आहे ना, मग लावा भाव.

माझे वडीलही आडतेच. नायगावला. म्हणजे नमुना या शब्दाचा मोंढ्यातला अर्थ मला ठाऊक नव्हता, असं मी कुणालाही म्हणू शकत नाही. तुम्हालाही नाही.

आता मामी. मामी निलंग्याकडची, सीमेवरची, बोलताना मध्येच कानडी शब्द टाकणारी. अंगानं जाड, स्वभावानं तिखट, आणि मला जीव लावणारी. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. घरात ती वॉकरवर फिरायची, पण घराबाहेर पडणं बंद झालं. मामांचं घर उंच जोत्यावर, रस्त्यावर उतरायला चार दगडी पायऱ्या. साधा वॉकर पायऱ्यांवर कुचकामाचा. दर सोमवारी महादेवाच्या देवळात जाणारी बाई दारात खुर्ची टाकून बसायला लागली. जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांच्या हाती बेल पाठवायची आणि पाठवून झाल्यावर चिडचिड करायची.

तिला पाहूनच मला सुचलं. पुढचे पाय खटका दाबून कमी-जास्त होतील असा वॉकर. पुढचे पाय एका पायरीवर, मागचे दुसऱ्या पायरीवर, आणि माणसाच्या हाताखाली दांडा मात्र सरळ. नळ्या साध्या वॉकरच्याच घ्यायच्या. नवीन होता तो फक्त जोड, जिथे पाय सरकतो आणि अडकतो तो भाग. तो जोड मी कितीदा काढला असेल. कधी खटका बसायचा नाही, कधी प्रिंट अर्ध्यावर असताना वीज जायची आणि सकाळी मशीनवर प्लास्टिकचा गुंता पडलेला असायचा. शेवटी एक जोड बसला. खट्ट असा आवाज आला आणि पाय जिथल्या तिथे थांबला. मी गाळ्यात एकटाच हसलो होतो.

तो जोड खरा माल नव्हता. माझ्याकडच्या सगळ्यात साध्या प्लास्टिकचा होता, मक्यापासून बनतं ते. उन्हात ठेवलं की मऊ पडतं. आतून पोकळ ठेवला होता, म्हणजे वीज जायच्या आत पूर्ण व्हावा. आणि मशीनवर उभा करून काढला होता, कारण उभा काढला की बाहेरून गुळगुळीत दिसतो. पण तसा काढला की सगळे थर आडवे येतात, आणि भार पडला की थराच्या रेषेत तो सरळ तुटतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. आकार पाहायला असा काढायला काहीच हरकत नाही, सगळे काढतात. फक्त त्याच्यावर कुणाला उभं करायचं नाही.

मी मामीला उभं केलं.

नव्या वस्तू करणाऱ्यांना मदत देणारी एक योजना होती, त्यांना व्हिडिओ हवा होता. खरा माणूस, खऱ्या पायऱ्या. मजबूत जोड पुण्याहून बनवून घ्यायला वेळ लागणार होता आणि अर्जाची मुदत संपत आली होती. मी आहे तो वॉकर घेऊन लातूरला गेलो. मामी उतरली आणि चढली. “मन्मथा, पायरी लई खोल वाटायली रे,” एवढं एकदा म्हणाली. व्हिडिओत ती एकटी उतरताना दिसते. खरं म्हणजे माझा डावा हात पूर्ण वेळ तिच्या काखेत होता, आणि मोबाईल मी असा धरला होता की तो हात दिसू नये. तिचं निम्मं वजन माझ्या खांद्यावर होतं.

खाली रस्त्यावर पोचल्यावर मामी रडली. मामांनी शेजारच्या दुकानातून पेढे आणवले. गल्लीतली माणसं जमली. माझ्या भाच्यानं केलंय, माझ्या भाच्यानं — मामा प्रत्येकाला सांगत होते. मला काय वाटत होतं सांगू? मला फार बरं वाटत होतं. किचेन करणाऱ्या माणसाला एवढं बरं क्वचितच वाटतं.

निघताना वॉकर उचलायला गेलो तर मामा म्हणाले, “ऱ्हाऊ दे की हितंच. पुन्हा कशाला न्यायलास?”

“मामा, हा नमुना आहे,” मी म्हणालो.

“मग काय तर,” मामा हसून म्हणाले. “नमुना बगितला, माल कळला.”

त्यांनी तो शब्द मोंढ्यातला ऐकला. मला तिथल्या तिथे कळलं. आणखी दोन वाक्यं बोलायची होती — मामा, आमचा नमुना वेगळा, हा वजनाला टिकणार नाही, मामीला यावर उतरवू नका. पण ती बोललो असतो तर मामांनी विचारलं असतं, मग आत्ता कशी उतरवलीस? मग मला माझा डावा हात सांगावा लागला असता. पेढे खाणाऱ्या माणसांसमोर. मी वॉकर ठेवला आणि बसस्टँडला गेलो.

मामांनी तो आत ठेवला नाही. लोकांनी बघावा म्हणून बाहेर ओट्यावर ठेवला. लातूरचं एप्रिलचं ऊन.

आणि सोमवार आला. इथपर्यंतचं सगळं मी, मोडतोड करून का होईना, कधीतरी कुणाला तरी सांगितलेलं आहे. घाई झाली, लक्षात आलं नाही, तरुण होतो, असलं काहीतरी. पण सोमवारचं नाही.

सोमवारी सकाळी मी गाळ्यात होतो. मशीनचं तोंड तुंबलं होतं. एका शाळेच्या किचेनची ऑर्डर अडकलेली, हाताला चटका बसलेला, डोकं फिरलेलं. फोन वाजला. मामा. मी फोन खांद्यात धरला.

“मन्मथा, आज सोमवार हाय. मामी देवळाला जाऊ म्हणायली. त्या वॉकरवर नेऊ का?”

माझा हात मशीनवर थांबला, हे मला नीट आठवतं. तो जोड माझ्या डोळ्यांसमोर आला, त्याचे आडवे थर आले. कामाच्या नादात तोंडातून निघून गेलं, असं झालं नाही. मी विचार केला. आणि विचार करून कंटाळलो. आता हे सगळं कोण समजावत बसणार? चार तर पायऱ्या आहेत, मामा सोबत आहेत, काय होतंय.

“न्या की,” मी म्हणालो.

“हाव. नेतो मग,” मामा म्हणाले. आवाज लख्ख. कुठंही खरखर नाही, मशीन बंद पडलेलं, गाळ्यात शांतता.

दुसऱ्या पायरीवर उजवा जोड तुटला. मामीचा खुबा मोडला. मामांनी तिला धरायचा प्रयत्न केला, त्यांचं कोपर सोलून निघालं. मी संध्याकाळी लातूरला पोचलो तेव्हा मामीला ऑपरेशनला नेलं होतं. मामांचा मुलगा, संगमेश्वर, आम्ही त्याला संगू म्हणतो — त्याचं तिथलंच मेडिकलचं दुकान — दवाखान्याच्या पॅसेजमध्ये उभा होता. त्यानं तुटलेला जोड माझ्या हातात दिला. थराच्या रेषेत, सुरीनं कापावा तसा सरळ तुटला होता.

संगूचा आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. “दादा, अप्पा म्हणायलेत त्यांनी तुला फोन केलता. तू न्या म्हणालास.”

मामा दोन हात लांब बाकावर बसले होते. कोपराला पट्टी. त्यांनी वर पाहिलं.

मी म्हणालो, “मी नेऊ नका म्हणालो होतो, संगू. मशीनचा आवाज होता. मामांना नीट ऐकू आलं नसेल.”

झालं. हेच ते. एवढंच मला सांगायचं होतं आणि एवढंच मी कधी सांगितलं नाही. ‘न्या की’चं मी ‘नेऊ नका’ केलं. बसमध्ये जुळवून ठेवलं नव्हतं, तिथं उभ्या उभ्या सुचलं, आणि इतकं बेमालूम सुचलं की माझं मलाच पटलं. या जिभेनं दुसरं काही चांगलं कधी इतक्या झटक्यात केलं आहे का?

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग संगूला म्हणाले, “आसंल. मलाच नीट ऐकू आलं नसंल. भाच्याला काय बोलू नगं.”

मामी त्यानंतर चालली नाही. वय, साखर, वजन — डॉक्टरांनी कारणं सांगितली. ती पलंगावर आहे. आणि तिनं मामांना माफ केलं नाही. उघड भांडत नाही. पण मामा पाणी घेऊन गेले तर “साकु, पुरे, ठेवा तिकडं,” म्हणते आणि पिते ते संगूच्या बायकोनं दिलेलं. तुम्हाला एक शब्द नीट ऐकू येईना का, हे तिनं पहिल्या वर्षात किती वेळा म्हटलं असेल. माझ्याशी मात्र गोड. मी गेलो की माझा चेहरा कुरवाळते, म्हणते, पोरानं माझ्यासाठी एवढं केलं आणि ह्यांनी घात केला.

आणि मामांचे कान. संगू त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. या वयात थोडं कमी झालेलं असतंच सगळ्यांचं, कानात मशीन बसवलं. मामा हरकत घेतील असं वाटलं होतं. घेतली नाही. घरातले सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले. मामा संगूच्या दुकानावर बसले असताना गिऱ्हाईक आलं, तर संगूच पुढे होतो — “अप्पा, तुम्ही ऱ्हाऊ द्या, तुमाला नीट ऐकू येत न्हाई.” मग हळूहळू मामांनी मोंढ्यात जाणं सोडलं. सौद्यात एक आकडा चुकीचा ऐकला तर काय घ्या, असं घरच्यांचं म्हणणं. ज्या माणसाची पोटली लोक न उघडता घ्यायचे, त्याचा शब्द त्याच्या स्वतःच्या घरात कुणी धरेना. कारण काय, तर मी म्हणालो त्यांना ऐकू येत नाही.

वॉकरचं काय झालं, विचाराल. अर्ज मंजूर झाला. व्हिडिओ त्यांना फार आवडला. पुढे जोड अॅल्युमिनियममध्ये झाला, नीट भार देऊन तपासला, आणि आज तो वॉकर लोक वापरतात. चांगला आहे. याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो — वस्तू चांगली आहे. चार आठवडे थांबलो असतो तर मामी त्याच पायऱ्या उतरून त्याच देवळात गेली असती. वाईट वस्तू असती तर मोडून टाकून मोकळा झालो असतो. आता कार्यक्रमांत लोक विचारतात, कल्पना कशी सुचली? मी मामीचं नाव सांगतो. पुढचं सांगत नाही.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. कितीदा लातूरची बस धरली. प्रत्येक वेळी काहीतरी निघालं — संगूची मुलं घरात, मामीला ताप, सण. खोटं कशाला बोलू, काही निघालं नसतं तरी मी बोललो नसतो. मी तिथं जाऊन जेवतो, मामीच्या पायाशी बसतो आणि परत येतो.

मागच्या महिन्यात गेलो होतो. दुपारची वेळ, संगू दुकानावर. मामा नुकतेच पूजेवरून उठलेले, बैठकीत गादीवर बसले होते. पूजेच्या वेळी ते कानातलं मशीन काढून ठेवतात, तसं ते कोनाड्यात होतं. मामी आतल्या खोलीत पडलेली, मधलं दार उघडं. मी खिडकीशी, मामांकडे पाठ करून उभा होतो. काय झालं कोण जाणे. मामांना काही ऐकू येणार नाही, मशीन कोनाड्यात आहे, अशी माझी खात्री होती. म्हणजे पाहा — माझ्या स्वतःच्या खोट्यावर माझा इतका विश्वास बसला होता. मी अगदी पुटपुटल्यासारखं, खिडकीच्या गजांना सांगावं तसं म्हणालो, “मामा, मी न्या की म्हणालो होतो.”

“हळू बोल,” मागून मामा म्हणाले. “मामी जागी हाय.”

मी वळलो. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. सौद्यात भाव पडल्यावर असायचा तसा चेहरा. मी आत जाऊन मामीला सांगितलं असतं तर त्यांनी मला अडवलं असतं का, मला माहीत नाही. मी गेलो नाही.

बाहेर संगूच्या गाडीचा आवाज आला. मामांनी हात लांब करून कोनाड्यातलं मशीन घेतलं आणि कानात बसवलं. संगू आत येऊन चपला काढत होता. मामांनी मला विचारलं, जेवून जाणार का.

“हो मामा,” मी म्हणालो. मोठ्यानं, एकेक शब्द तोडून, घरातले सगळे त्यांच्याशी बोलतात तसं.